सेकंड हँड विडर, ग्रास कटर घेताय? दोरी ओढायच्या आधी इंजिनाला हात लावून बघा

जून जवळ आला की गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो. "पॉवर विडर देणे आहे. एकच सीझन वापरलाय. एका दोरीत स्टार्ट." सोबत धुऊन-पुसून चकाचक केलेल्या मशीनचा फोटो. बघायला गेलं की ते खरंच एका दोरीत चालू होतं आणि आपण पैसे मोजून मोकळे होतो.

दुसऱ्या दिवशी आपल्या शेतात तेच मशीन वीस वेळा दोरी ओढली तरी हूं की चूं करत नाही.

हे का होतं? तर आधीच तापवून ठेवलेलं इंजिन पटकन चालू होतं. त्याचा खरा दम कळतो तो थंड असताना. म्हणून मालकाला फोनवरच सांगायचं, "मी येईपर्यंत चालू करू नका." पोहोचल्यावर आधी सायलेन्सरजवळ हात नेऊन बघायचा. गरम लागलं तर चहा प्यायचा, गप्पा मारायच्या आणि ते पूर्ण गार होऊ द्यायचं.

आता मुद्द्याची गोष्ट

छोट्या इंजिनाचे बिघाड दोन प्रकारचे असतात. कार्ब्युरेटर, प्लग, एअर फिल्टर, पेट्रोलची नळी, दोरी हा झाला स्वस्तातला प्रकार. पिस्टन, रिंगा, बोअर, क्रँक, बेअरिंग हा महागातला. आपल्याला शोधायचाय तो दुसरा.

चालू करण्याआधी काय बघायचं?

विडरवर बहुतेक वेळा फोर स्ट्रोक इंजिन असतं. त्याची ऑइलची पट्टी बाहेर काढा. ऑइल नुसतं काळं असेल तर ते जुनं झालंय एवढंच. पण दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय. पेट्रोलचा वास आला तर बहुधा कार्ब्युरेटरमधून पेट्रोल खाली उतरतंय. बोटांवर घेऊन उन्हात धरल्यावर चमचम करणारा चुरा दिसला, तर आतलं लोखंड झिजतंय. तिथूनच माघारी फिरा.

मग एअर फिल्टर उघडा. फिल्टर घाण असणं चालतं, नवा बसवता येतो. पण फिल्टरच्या आतल्या बाजूला, कार्ब्युरेटरच्या तोंडाशी माती दिसली, तर ती सिलिंडरमध्येही गेलेली असणार. मातीमुळे रिंगा आणि बोअर घासले जातात आणि इंजिनाचं आयुष्य कमी होतं.

आता स्विच बंद करा, प्लगची कॅप काढा आणि इंजिनाचा बाहेर आलेला शाफ्ट धरून वर-खाली हलवा. खडखड लागली तर बेअरिंग गेलंय. तिथून ऑइल गळत असेल तर सीलही बघावं लागेल.

ग्रास कटर टू स्ट्रोक असेल तर त्यात ऑइलची पट्टी नसते, कारण ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. इथे सायलेन्सर काढून त्या भोकातून पिस्टन बघायचा. पिस्टन गुळगुळीत असेल तर ठीक. त्यावर उभे ओरखडे असतील तर बहुधा कधीतरी ऑइल न घालता चालवलंय किंवा इंजिन जाम झालंय. सायलेन्सर काढायला मालक नको म्हणत असेल, तर त्यावरूनही काय ते समजा.

चालू केल्यावर

दोरी हलकी लागली म्हणून लगेच नकार देऊ नका. बऱ्याच फोर स्ट्रोक इंजिनांत चालू करताना दाब कमी करणारी सोय असते. खरी ताकद मातीत कळते. विडर दहा-पंधरा मिनिटं जमिनीत चालवायला लावा. मोकळं चालताना झकास वाटणारं इंजिन माती लागल्यावर दम टाकत असेल, तर शंका घ्या.

धुराकडेही लक्ष ठेवा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. चोक अडकला असेल किंवा फिल्टर तुंबला असेल, हे स्वस्तात सुटतं. फोर स्ट्रोकमधून सतत निळा धूर येत असेल तर ऑइल जळतंय, म्हणजे खर्च मोठा. टेम्पोत आडवं टाकून आणलेलं मशीन सुरुवातीला थोडा निळा धूर देतं, पण तो काही मिनिटांत थांबायला हवा. टू स्ट्रोकचा थोडा निळसर धूर नेहमीचाच.

शेवटी गरम इंजिन बंद करून लगेच पुन्हा चालू करा. गरम झाल्यावर चालू व्हायला त्रास देत असेल तर कॉइल किंवा व्हॉल्व्हची तक्रार असू शकते.

स्पेअर पार्ट मिळतात का?

बऱ्याच चायना इंजिनांवर 168 एफ किंवा 170 एफ असं लिहिलेलं असतं. यातला 1 म्हणजे एक सिलिंडर, 68 किंवा 70 म्हणजे बोअर किती मिलिमीटरचा ते आणि एफ म्हणजे हवेने गार होणारं इंजिन. हा नंबर घेऊन तालुक्याच्या दुकानात आधी विचारा. सोबत जुनं बिल मागा आणि त्यावरचा नंबर इंजिनावरच्या नंबराशी जुळवा. चोरीचा माल गळ्यात पडायला नको.

आणि हो, बंद पडलेलं मशीन दरवेळी वाईट नसतं. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढून घेतं. असं पेट्रोल टाकीत ठेवून मशीन वर्षभर कोपऱ्यात पडलं की कार्ब्युरेटर चोंदतो आणि मालक कंटाळून ते मातीमोल भावात काढतो. ऑइल स्वच्छ, शाफ्ट घट्ट, फिल्टरमागे माती नाही, पण चालू होत नाही, अशा मशीनसाठी ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या. कार्ब्युरेटर साफ करून भागणारं असेल, तर "एका दोरीत स्टार्ट"वाल्यापेक्षा हा सौदा कितीतरी चांगला.