ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं? ग्राइंडर हातात घेण्याआधी हे वाचा

समृद्धी महामार्गावरून नागपूरहून वर्ध्याला यायचं तर येळाकेळीला बाहेर पडावं लागतं. 120 च्या वेगाची सवय झालेला पाय टोल नाक्यावर ब्रेक दाबतो. मागच्या उन्हाळ्यात आमच्या घरच्या जुन्या हॅचबॅकचं स्टिअरिंग इथेच थरथरायला लागलं. सरळ चालताना काही नाही, ब्रेकवर पाय ठेवला की हाताला झिणझिण्या. मेकॅनिकनं चाक खोलण्याआधीच निकाल दिला, "भाऊ, डिस्क बेंड झाली, बदलाच लागते." रात्री यूट्यूब उघडलं, तर एक जण गाडी जॅकवर उचलून, गिअर टाकून, फिरत्या डिस्कला अँगल ग्राइंडर लावत होता. म्हणे घरच्या घरी डिस्क नवी!

बहुतेक वेळा या दोघांचंही चुकतं.

डिस्क खरंच वाकते का?

क्वचित. ब्रेकची डिस्क बिडाच्या लोखंडाची असते. कॅरोल स्मिथ या अमेरिकन रेसिंग इंजिनिअरनं यावर एक गाजलेला लेख लिहिला होता. आयुष्य रेसिंगच्या गाड्यांमध्ये गेलं, पण उष्णतेनं वाकलेली डिस्क काही बघायला मिळाली नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

मग थरथर कशाची? डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. जाड भाग पॅडखाली आला की पकड वाढते, पातळ भाग आला की कमी होते. चाकाच्या प्रत्येक फेरीत हे घडतं. त्यासाठी मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजावा असा एक-दोन भागांचा फरकही पुरतो. आपला केस याहून कितीतरी जाड असतो.

हा फरक येतो दोन वाटांनी. पहिली वाट उष्णतेची. 1100 किलोची गाडी 120 वरून थांबवताना जी ऊर्जा जिरवावी लागते, तिच्यात साधारण दोन लिटर पाणी 30 अंशांवरून उकळीला येईल. वेग 60 असता तर हीच ऊर्जा चौथा हिस्सा असती. अशी तापलेली डिस्क टोलवर थांबते आणि आपण पेडल दाबूनच ठेवतो. पॅडचा मसाला त्या एका जागी डिस्कवर छापला जातो. त्यात वर्ध्याचा मे महिना, म्हणजे डिस्क थंड व्हायलाही वेळ लागतो.

दुसरी वाट पंक्चरच्या दुकानातून जाते. घाईत चाक बसवताना एक नट पान्ह्यावर पाय देऊन आवळलेला, दुसरा जेमतेम. किंवा डिस्क जिथे बसते त्या हबवर गंज आणि वाळलेला चिखल. मग डिस्क किंचित तिरकी फिरते. लगेच काही जाणवत नाही, पण काही हजार किलोमीटरमध्ये ती एका बाजूनं पॅडला घासत घासत असमान होते.

आधी खात्री करा

ब्रेक न दाबताही 80 च्या आसपास गाडी थरथरत असेल, तर तो बहुधा व्हील बॅलन्सिंगचा मामला आहे. ओल्या रस्त्यावर कचकन ब्रेक मारल्यावर पेडल पायाला धडधड मारत असेल, तर ते एबीएस आपलं काम करतंय. एप्रिल 2019 पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या कारमध्ये ते सक्तीचं आहे.

घरी किती करता येतं?

थोडं, पण कामाचं. गाडी सपाट जागी लावा, मागच्या चाकांना दगड लावा, नट जमिनीवरच सैल करा. उचलल्यावर नुसत्या जॅकवर भरवसा नको, खाली स्टँड हवाच. कॅलिपर काढला की तो तारेनं बांधा, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत ठेवू नका. मग डिस्क काढून हब तारेच्या ब्रशनं लख्ख करा. अर्धं काम इथेच होतं, आणि व्हिडिओत नेमकं हेच कोणी दाखवत नाही.

नंतर 120 नंबरचा पॉलिश पेपर सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळून डिस्कच्या दोन्ही बाजू तिरक्या रेघांनी घासा. पॅडचा वरचा चकाकता थरही हलका काढा. तोंडाला मास्क हवा, धूळ फुंकायची नाही. शेवटी ब्रेक क्लीनरनं पुसा. रॉकेल किंवा डिझेल चालणार नाही, त्याचा तेलकट थर राहतो.

नट समोरासमोरचे आवळा, शक्यतो टॉर्क पान्ह्यानं. बऱ्याच छोट्या गाड्यांना 85 ते 110 न्यूटन मीटर लागतो, तुमचा आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. आणि गाडी हलवण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत दाबत राहा. हे विसरलात तर पहिल्याच ब्रेकला पाय थेट खाली जाईल.

घासल्यानं छापलेला मसाला निघतो, जाडीतला फरक नाही. थरथर परत आली तर डिस्क लेथवर न्यावी लागेल.

मग ग्राइंडर का नको?

कारण हातानं धरलेलं ग्राइंडर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब पाळू शकत नाही. डिस्क चमकते, पण आधीपेक्षा असमान होते. शिवाय गिअरमध्ये असलेली गाडी जॅकवरून घसरली तर समोर तुम्ही बसलेले असता.

लेथचं कामही हिशेबानं करायचं असतं. दोन्ही बाजू समांतर हव्यात आणि डावी-उजवी डिस्क सोबतच करायची. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. टर्निंगनंतर जाडी त्याखाली जाणार असेल, तर नवी डिस्क घेणं हाच पर्याय. पातळ डिस्क लवकर तापते, तडकते, आणि उतारावर ऐनवेळी ब्रेक लागत नाही.

डिस्क घासलेली असो वा नवी, मोकळ्या रस्त्यावर 60 वरून 15 पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक लावा, पूर्ण न थांबता. मग थोडा वेळ ब्रेक न वापरता चालवा, म्हणजे पॅडचा थर सारखा बसतो. पन्नासेक किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा.

आमच्या गाडीत हबवर गंजाचं अख्खं कडं निघालं. जुनीच डिस्क परत बसवली, येळाकेळीला स्टिअरिंग शांत आहे. टोलच्या रांगेत मात्र आता पेडल सोडून हँडब्रेक ओढतो. तो मागच्या चाकांच्या ड्रमवर लागतो, पुढची तापलेली डिस्क मोकळी राहते.