आधी उजेड, मग कॅमेरा

इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ साली एक कॅमेरा कॉफीच्या भांड्यावर रोखण्यात आला. भांड्यात कॉफी शिल्लक आहे की नाही, हे जागेवरूनच कळावे, एवढाच त्यामागील हेतू. १९९३ मध्ये ते दृश्य इंटरनेटवर आले आणि तो जगातील पहिला वेबकॅम म्हणून प्रसिद्धी पावला. चित्र अवघे १२८ बाय १२८ बिंदूंचे आणि कृष्णधवल होते. पण कॉफीसाठी तेवढे पुरेसे होते.

आज वेबकॅमसमोर माणसाची ओळख पटवायची असते. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये व्हिडिओद्वारे ग्राहकाची ओळख पडताळण्यास मान्यता दिली. निवृत्तिवेतनधारकांचा हयातीचा दाखलाही काही बँका व्हिडिओ कॉलवर स्वीकारतात. अशा वेळी चेहरा काळवंडला किंवा पॅन कार्डावरील अक्षरे पुसट दिसली, तर सारी खटपट वाया जाण्याची शक्यता असते.

यावर महागडा कॅमेरा घ्यावा, असे अनेकांना वाटते. वस्तुतः दोष बहुधा उजेडाचा असतो. वेबकॅममधील प्रकाश टिपणारा भाग नखाहूनही लहान असतो. खोलीत उजेड कमी असला, की कॅमेरा प्रत्येक चित्रासाठी अधिक वेळ घेतो आणि हालचाल फरफटल्यासारखी दिसते. शिवाय तो अपुऱ्या उजेडातील चित्र बळेच उजळवतो. त्यामुळे त्यावर रवाळ ठिपके उमटतात.

पाठीमागे खिडकी असल्यास अडचण निराळी. कॅमेरा खिडकीच्या झगझगाटाशी जुळवून घेतो आणि चेहरा अंधारात जातो. म्हणून खिडकी पाठीशी नव्हे, समोर असावी. रात्री टेबलावरील दिव्याचा झोत समोरच्या पांढऱ्या भिंतीवर टाकल्यास चेहऱ्यावर सौम्य उजेड पसरतो.

आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा आहे. चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसल्यास कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ६० ऐवजी ५० हर्ट्‌झ निवडावे. भिंगावरील बोटांचे ठसे मऊ सुती कापडाने पुसावेत. लॅपटॉपखाली चार जाड पुस्तके ठेवली, की कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर येतो.

कार्ड दाखवताना ते कॅमेऱ्याला अगदी चिकटवू नये. पुष्कळ वेबकॅमना फार जवळचे स्पष्ट दिसत नाही. प्लॅस्टिकवर दिवा चमकत असल्यास कार्ड किंचित कलते धरावे. स्वतःच्या पडद्यावर अक्षरे उलटी दिसली, तरी गोंधळू नये; अनेक प्रणालींत ते केवळ आरशासारखे प्रतिबिंब असते, पलीकडील अधिकाऱ्यास अक्षरे सुलटच दिसतात.

घरातील तरुणांनी आजी-आजोबांसाठी कॉलच्या आदल्या दिवशी एकदा ही रंगीत तालीम करून घ्यावी. खुर्ची खिडकीकडे वळवण्यास एक पैसाही खर्च येत नाही. मात्र तेवढ्याने एखाद्या वृद्धाचा बँकेपर्यंतचा हेलपाटा वाचू शकतो.