"गॅस प्रेशर ओके" म्हणजे नक्की काय ओके?

पीएचडीच्या मुलाखतीत अनेकांना अडकवणारा एक प्रश्न असतो: "तुमचं गृहीतक चुकीचं असेल, तर तुमच्या प्रयोगात वेगळं काय दिसेल?" यावर पाठ्यपुस्तकातलं उदाहरण देण्याऐवजी गाडीच्या एसीचं देतो.

लॅबमधल्या एका सिनिअर ताईची दीड वर्षाची, वॉरंटीतली गाडी. ड्रायव्हरकडच्या व्हेंटमधून ९ अंशांची हवा यायची, डावीकडून १६ अंशांची. सर्व्हिस सेंटरने इंजिन बंद ठेवून गेज लावलं आणि दोनदा एकच शेरा दिला: "गॅस प्रेशर ओके."

शेरा खोटा नव्हता, निरुपयोगी होता. त्या गाडीत आर-१३४ए हा गॅस आहे. बंद सर्किटमध्ये तो थोडा द्रव, थोडा वाफ असा असतो. एसी बंद असताना जोवर त्यात थोडाही द्रव शिल्लक आहे, तोवर दाब फक्त तापमानावर ठरतो. ३० अंशांना गेज साधारण ६.७ बार दाखवणार, मग आत ४५० ग्रॅम गॅस असो वा ३००. घरचा सिलिंडर आठवा. शेगडीची ज्योत जवळजवळ शेवटपर्यंत तशीच असते, म्हणून किती उरलाय हे बघायला आपण तो हलवून किंवा वजन करून बघतो. म्हणजे "गॅस पुरेसा आहे" आणि "गॅस कमी आहे" या दोन्ही गृहीतकांना ही चाचणी एकच उत्तर देते. अशी चाचणी दहा वेळा केली तरी माहिती शून्यच!

आता गृहीतकं मांडू. एक: गॅस कमी आहे. मग इव्हॅपोरेटरच्या सुरुवातीच्या भागातच सगळा द्रव उकळून संपतो, उरलेला भाग नीट गार होत नाही आणि त्यावरून जाणारी हवा कोमट राहते. दोन: ब्लेंड डोअर, म्हणजे गार-गरम हवा मिसळणारी झडप, एका बाजूला अडकली आहे. ड्युअल झोन गाडीत दोन्ही बाजूंना वेगळी झडप असते, त्यामुळे तिथे हा संशय जास्त रास्त.

दोघांना वेगळं करणारी चाचणी काहीही न उघडता होते. इंजिन तापल्यावर एसी बंद करा, हीटर फुल करा आणि दोन्ही बाजू मोजा. फरक तिथेही दिसला तर झडपेवर संशय घ्या. दोन्हीकडे सारखीच गरम हवा आली आणि फरक फक्त गारव्यातच असला, तर गॅसवर. हा पुरावा पक्का नाही, कारण फक्त गार टोकालाच अडकणारी झडपही असू शकते. पण पलडा झुकतो.

मोजताना गाडी सावलीत ठेवा. फॅनचा वेग तोच, रिसर्क्युलेशन चालू, थर्मामीटर व्हेंटमध्ये तितकाच आत. बाहेरचं तापमान लिहून ठेवा.

वॉरंटीत जॉब कार्डवरचे शब्द फार महत्त्वाचे. "गॅस भरून द्या" असं लिहू नका. ते निरीक्षण नाही, तुम्हीच काढलेला निष्कर्ष आहे, आणि गॅस टॉप-अप अनेकदा वॉरंटीबाहेर धरला जातो. "डाव्या-उजव्या हवेत ७ अंशांचा फरक, कारण शोधावे" असं तारखेसह लिहा आणि प्रत घ्या. बाहेरच्या गॅरेजमध्ये गॅस भरून घेण्याचा मोह तर टाळाच. तो पेट्रोलसारखा जळून संपत नाही. दीड वर्षात लक्षणीय कमी झाला असेल तर बहुतेक गळतीच असते. भरलात की लक्षण जाईल, पुरावाही जाईल आणि वर क्लेम नाकारायला कारण मिळेल.

ताईने तिसऱ्या वेळी सांगितलं, "गॅस काढून वजन करा." किती भरायचा ते बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये छापलेलं असतं. तिच्या गाडीत ४५० हवा होता, निघाला ३१०. मग शोधल्यावर पाइपच्या जोडावरची ओ-रिंग सापडली आणि वॉरंटीत बदलून मिळाली.

दुरुस्तीनंतर लगेच मोजाल तर दोन्ही बाजू सारख्याच येतील. पण गळती तशीच ठेवून नुसता गॅस भरला असता, तरी त्या दिवशी हेच दिसलं असतं. त्यामुळे दुसरं मोजमाप महिन्याभराने, त्याच सावलीत, त्याच सेटिंगवर घ्या.