साच्याविना फुलपाखराचा केक
मुलांच्या वाढदिवसाला फुलपाखराच्या आकाराचा केक घरीच करायचाय? महागडा साचा मुळीच घेऊ नका. 8 इंची गोल केक मधोमध कापा आणि दोन्ही अर्ध्या भागांच्या गोल बाजू एकमेकींना टेकवा. झाले पंख! बाहेरच्या सरळ कडांना एकेक त्रिकोणी खाच द्या (कापलेले तुकडे मुलं लगेच फस्त करतात), मधे क्रीम रोल ठेवा.

स्पंज आदल्या दिवशीच भाजा. ताजा केक कापताना फार भुगा पडतो. रात्रभर गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवलेला सुरेख कापला जातो. आधी क्रीमचा पातळ हात, अर्धा तास फ्रिज, मगच जाड थर. ही पायरी गाळू नका, सगळी सफाई तिच्यातच आहे. आणि केकचा बोर्ड फ्रिजमध्ये मावतो का, ते आधीच मोजून घ्या!