यात्रेतला फोटो का बिघडतो?

म्हातारी आई जन्मात एकदाच पंढरीला येते. चंद्रभागेकाठी आपण मोबाइलवर तिचा फोटो काढतो. घरी येऊन बघावे, तर चेहरा धुरकट! ती वेळ काही परत येत नाही. असे का होते?

मोबाइलच्या पाठीवर कॅमेऱ्याची काच असते. तिला बोटांचा तेलकटपणा लागतो. बुक्का, धूळ बसते. मग उजेड काचेवरच फाकतो आणि फोटो पुसट येतो. म्हणून आधी हलकेच फुंकर घालून धूळ उडवा. मग मऊ सुती कापडाने काच पुसा. धुळीसकट घासाल, तर चरे पडतील.

आषाढीची वारी म्हणजे पाऊस आलाच. फोन प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. मात्र फोटो काढताना बाहेर घ्या आणि काचेवरचे थेंब टिपा.

दूरचा माणूस पडद्यावर बोटांनी ताणून मोठा करू नका. चेहरा भुरकट येतो. त्यापेक्षा चार पावले पुढे जा.

घरून निघतानाच फोन चार्ज करा. फोनमध्ये जागा शिल्लक आहे ना, तेही पाहा. जागा नसली, तर नवा फोटो साठतच नाही.

आणि फोटो काढला, की तिथेच बघा. बिघडला असेल, तर लगेच दुसरा काढा. आई अजून समोरच उभी आहे.