द्राक्षवेलीच्या दोन छाटण्या व मधली विश्रांती

थंड देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात पाने गाळून निद्रिस्त होते. म्हणून तेथे वर्षातून एकच छाटणी पुरते. नाशिक, सांगली, सोलापूर व पुणे या जिल्ह्यांच्या उष्ण हवामानात वेलीस अशी निद्रा लाभत नाही. यासाठी महाराष्ट्रात दोन छाटण्या व एक पीक ही पद्धत रूढ झाली आहे. एप्रिलच्या सुमारास होते ती खरड छाटणी व सप्टेंबर-ऑक्टोबरात होते ती गोडी छाटणी. पहिलीमुळे काडी तयार होते, तर दुसरीमुळे त्या काडीवर फळ येते. दोहोंमधील काळात वेल कितपत सावरते, यावर पुढील पीक अवलंबून असते.

घड केव्हा ठरतो?

घड गोडी छाटणीनंतर दिसतो; परंतु त्याची घडण त्यापूर्वीच झालेली असते. खरड छाटणीनंतर सुमारे 40 ते 60 दिवसांच्या काळात काडीवरील डोळ्यांत सूक्ष्म घड आकार घेऊ लागतो. त्या वेळी डोळ्यास भरपूर सूर्यप्रकाश व वेलीत पुरेसा अन्नसाठा हवा. फुटींची दाटी झाली, अगर पाणी व नत्र वाजवीपेक्षा अधिक दिले, तर शेंडे जोमाने वाढतात, डोळे सावलीत राहतात व पुष्कळसे वांझ निघतात. ही उणीव ऑक्टोबरात उघडकीस येते. तेव्हा मात्र उपाय उरत नाही व वर्षभराचे श्रम आणि खर्च वाया जातात.

काय करावे?

फळ उतरविल्यावर लगेच खरड छाटणी करू नये. पिकाच्या भाराने वेल थकलेली असते. तिला 15 ते 20 दिवस विश्रांती द्यावी, जरुरीप्रमाणे पाणी व खत द्यावे आणि हिरवी पाने टिकवावीत, म्हणजे मुळे व खोड यांत अन्न साठते.

छाटणीनंतर दाट फुटींची वेळीच विरळणी करावी. थॉम्पसन सीडलेससारख्या वाणांत फुटीस सुमारे सात पाने आली म्हणजे पाच पानांवर शेंडा मारून सबकेन घ्यावी. पुढे बगलफुटी काढून मंडपाखाली ऊन-वारा खेळता ठेवावा. पावसाळ्यात पाने रोगापासून जपावीत. कारण पाने अकाली गळाल्यास काडी कच्ची राहते.

काडीची परीक्षा

गोडी छाटणीपूर्वी काडी हिरवटपणा टाकून तपकिरी झालेली व आतील गाभाही तपकिरी दिसणारा असावा. निरनिराळ्या वेलींवरील काही काड्या प्रयोगशाळेत पाठवून डोळ्यांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करवून घ्यावी. घड कितव्या डोळ्यात आहे हे कळल्यावरच किती डोळे राखावयाचे ते ठरवावे. छाटणीनंतरची कोवळी फूट आरंभी साठविलेल्या अन्नावरच पोसली जाते. कच्च्या काडीत हा साठा अपुरा असल्याने आलेले घडही जिरतात.

बाजारभावाच्या आशेने कच्च्या काडीवर घाईने छाटणी करण्याकडे काहींचा कल असतो. अशा वेळी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी बागाइतदारांस प्रत्यक्ष काडी कापून दाखवावी. त्यांनी उन्हाळ्यातच बागांस भेटी देऊन विरळणीकडे लक्ष वेधल्यास अधिक उपयोग होईल. ऑक्टोबरच्या पिकाची मशागत एप्रिलपासूनच सुरू होते, हे प्रत्येक बागाइतदाराने ध्यानी ठेवावे.