ऱ्होड्स : फोटोत दिसणारं ग्रीक बेट आणि प्रत्यक्षातलं बेट

जुलै २०२३ मधले ते व्हिडिओ अनेकांना आठवत असतील. मागे डोंगरावर आग, आकाशात धूर आणि किनाऱ्यावरून बॅगा ओढत, लहान मुलांना कडेवर घेऊन चालणारे पर्यटक. ते दृश्य ग्रीसमधल्या ऱ्होड्स बेटावरचं होतं. बेटाच्या आतल्या डोंगराळ भागात लागलेला वणवा चार-पाच दिवसांत आग्नेय किनाऱ्यावरच्या हॉटेलांपर्यंत पोहोचला. सुमारे १९ हजार लोकांना बस, गाड्या आणि बोटींमधून हलवावं लागलं. वणव्यामुळे इतक्या लोकांना हलवण्याची वेळ ग्रीसवर याआधी आली नव्हती.

आज याच बेटाचं नाव सर्च केलं तर निळंशार पाणी, पांढरी घरं आणि दगडी गल्ल्या दिसतात. बीच, जुनं शहर, किल्ला, सगळं एकाच ठिकाणी असल्याने ऱ्होड्स युरोपातल्या पर्यटकांचं आवडतं बेट आहे. पण इथल्या सगळ्यात प्रसिद्ध गोष्टींबद्दल जे चित्र डोक्यात असतं, ते बऱ्याचदा अर्धवट असतं. म्हणूनच जाण्याआधी काही गोष्टी समजून घ्यायला हव्यात.

हे बेट नेमकं कुठे आहे?

ऱ्होड्स ग्रीसचं असलं, तरी अथेन्सपेक्षा तुर्कीच्या कितीतरी जवळ आहे. तुर्कीचा किनारा इथून जेमतेम १८ किलोमीटरवर आहे. अथेन्सहून विमानाने तासाभरात पोहोचता येतं. पिरेअस बंदरातून फेरीही मिळते, पण तिला अख्खी रात्र लागते, कधी त्याहून जास्त.

साधारण १,४०० चौरस किलोमीटरचं हे ग्रीसमधलं चौथ्या क्रमांकाचं मोठं बेट आहे. त्यामुळे एका दिवसात 'उरकायचं' ठिकाण हे नव्हे. किमान चार-पाच दिवस हाताशी हवेत.

तो महाकाय पुतळा खरंच पाय फाकवून उभा होता का?

ऱ्होड्स म्हटलं की प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक, म्हणजे कोलोसस आठवतो. बंदराच्या तोंडावर दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभा असलेला पुतळा आणि त्याच्या पायांखालून जाणारी जहाजं, हे चित्र फ्रिजवर लावायच्या मॅग्नेटपासून टी-शर्टपर्यंत सगळीकडे दिसतं.

पुतळा खरा होता, ती पोज मात्र नंतरच्या लोकांची कल्पना आहे. इसवी सनपूर्व ३०५ मध्ये डेमेट्रियस नावाच्या सेनानीने शहराला वेढा घातला. शहर पडलं नाही. त्याने मागे सोडलेली युद्धसामग्री विकून आलेल्या पैशातून ऱ्होड्सच्या लोकांनी सूर्यदेव हेलिओसचा कांस्य पुतळा उभारला. उंची सुमारे ३३ मीटर, म्हणजे जवळपास दहा मजली इमारतीएवढी. शिल्पकार होता लिंडोस गावचा कारेस. इसवी सनपूर्व २२६ च्या सुमारास भूकंप झाला आणि पुतळा गुडघ्यांत मोडून पडला. म्हणजे तो साठ वर्षंही उभा नव्हता.

तो नेमका कुठे होता, हे आजही नक्की ठरलेलं नाही. मांद्राकी बंदराच्या तोंडावर आज दोन खांबांवर हरणांचे छोटे पुतळे आहेत. पर्यटक त्यांचेच फोटो काढतात.

जुनं शहर कितपत जुनं?

सुमारे चार किलोमीटरच्या तटबंदीतलं ऱ्होड्सचं जुनं शहर १९८८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. १३०९ ते १५२२ या काळात इथे नाइट्स हॉस्पिटलर या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांचं राज्य होतं. युरोपातल्या वेगवेगळ्या भाषांचे नाइट्स ज्या रस्त्यावर उतरायचे, तो 'नाइट्सचा रस्ता' आजही जवळपास तसाच आहे. त्यांच्या हॉस्पिटलमध्ये आता पुरातत्त्व संग्रहालय आहे. १५२२ मध्ये ऑटोमन सुलतान सुलेमानने सहा महिन्यांच्या वेढ्यानंतर शहर घेतलं. नाइट्स पुढे माल्टाला गेले. त्यानंतर जवळपास चार शतकं इथे ऑटोमन राजवट होती, म्हणून मशिदी आणि हमामही याच गल्ल्यांत सापडतात.

सगळ्यात जास्त फोटो निघतात ते ग्रँड मास्टरच्या राजवाड्याचे. बघताक्षणी तो अस्सल मध्ययुगीन वाटतो. पण मूळ वास्तू १८५६ मध्ये दारूगोळ्याच्या स्फोटात उद्ध्वस्त झाली होती. १९१२ मध्ये बेट इटलीच्या ताब्यात गेलं आणि १९३० च्या दशकाच्या शेवटी इटालियन सरकारने हा राजवाडा नव्याने बांधून काढला. आतली सुंदर प्राचीन मोझेइक फरशी शेजारच्या कोस बेटावरून आणलेली आहे. मध्ययुगाएवढीच ही वास्तू मुसोलिनीच्या काळाचीही आहे.

याच शहरातली एक जागा बहुतेक जण घाईत ओलांडतात. पूर्वेकडच्या ज्यू वस्तीतल्या चौकात समुद्रघोड्यांचं कारंजं आहे, आजूबाजूला कॅफे आहेत. तिथेच एक काळा स्मृतिस्तंभ आहे. जुलै १९४४ मध्ये नाझींनी इथल्या १,६०० हून अधिक ज्यूंना बोटींत भरून ऑश्विट्झच्या छळछावणीकडे पाठवलं. जिवंत राहिले ते साधारण दीडशे. शतकानुशतकं इथे राहिलेला समाज काही दिवसांत संपला. जवळच १५७७ मधलं काहाल शालोम सिनेगॉग आहे. आज वापरात असलेलं ग्रीसमधलं ते सगळ्यात जुनं सिनेगॉग आहे.

बीच कुठला निवडायचा?

सोपा नियम असा : पूर्व किनारा पोहण्यासाठी, पश्चिम किनारा वाऱ्यासाठी. पूर्वेला त्साम्बिका आणि आगाथीसारखे वाळूचे, शांत पाण्याचे बीच आहेत. फालिराकीजवळच्या छोट्या खडकाळ खाडीला अभिनेता अँथनी क्विनचं नाव आहे. 'द गन्स ऑफ नॅव्हरोन' या १९६१ च्या सिनेमाचं शूटिंग या बेटावर झालं होतं. पश्चिमेला गोटे जास्त आणि उन्हाळ्यात वारा जोरदार. दक्षिण टोकाचं प्रासोनिसी विंडसर्फिंगसाठी ओळखलं जातं.

लिंडोस हे पांढऱ्या घरांचं गाव मुख्य शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे. वर टेकडीवर अथेना देवीच्या मंदिराचे अवशेष, खाली सेंट पॉल खाडी. पायऱ्यांवर सावली फार कमी. त्यामुळे सकाळी लवकर किंवा संध्याकाळीच चढलेलं बरं.

टाळ्या वाजवू नका

पेतालुदेस ही 'फुलपाखरांची दरी' प्रत्यक्षात पतंगांची दरी आहे. उन्हाळ्यात हजारो पतंग इथल्या दमट सावलीत झाडांच्या खोडांना चिकटून बसतात. या काळात ते जवळपास काहीच खात नाहीत, साठवलेल्या ऊर्जेवर जगतात आणि मग अंडी घालतात. पंख उघडल्यावर आतला केशरी रंग दिसतो. तो व्हिडिओत यावा म्हणून लोक टाळ्या वाजवायचे, झाडं हलवायचे. प्रत्येक वेळी उडताना पतंगांची शिल्लक ऊर्जा खर्च होते आणि त्यांची संख्या घटते. म्हणून आता तिथे आवाज करायला मनाई आहे.

कधी जायचं आणि कशाची तयारी ठेवायची?

आपल्याकडे जुलै-ऑगस्ट म्हणजे धो-धो पाऊस. ऱ्होड्समध्ये तेच सगळ्यात कोरडे आणि गर्दीचे महिने. सुकलेलं रान आणि जोराचा वारा, वणवा पसरायला एवढं पुरतं. मे, जूनची सुरुवात, सप्टेंबरचा शेवट किंवा ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा जास्त सोयीचा. ऑक्टोबरमध्येही समुद्राचं पाणी पोहण्याइतकं उबदार असतं.

भारतीयांना शेंगेन व्हिसा लागतो. जून २०२४ पासून प्रौढांसाठी त्याचं शुल्क ९० युरो आहे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तो द्यावाच लागतो. बजेट काढताना हॉटेलवरचं हवामान संकट शुल्कही धरा. २०२५ पासून एप्रिल ते ऑक्टोबरदरम्यान एका खोलीमागे प्रति रात्र २ युरोंपासून पंचतारांकित हॉटेलात १५ युरोंपर्यंत ते द्यावं लागतं. पूर आणि वणव्यांसारख्या आपत्तींचा खर्च भागवण्यासाठी ते घेतलं जातं.

आणि शेवटचं : आपत्तीच्या वेळी ग्रीसमध्ये ११२ या क्रमांकाकडून मोबाइलवर इशारा येतो. फोन मोठ्याने वाजतो, स्क्रीनवर मेसेज दिसतो. तो आला की व्हिडिओ काढत थांबू नका, सांगितलेल्या दिशेने निघा.